विरळ सावलीतला निवडुंग

वाचकहो, मुले परदेशी स्थायिक झाली की आपल्यासारख्या वयस्कांच्या प्रवासाचा एक ठराविक आराखडा असतो. एखादा प्रचंड धबधबा, एखादे झगमगते शहर, एक-दोन मंदिरे आणि परतताना बॅगेत नातलगांसाठी चॉकलेटे. या यादीत सहसा न सापडणाऱ्या एका जागी आज मी आपल्याला नेणार आहे. तिथे पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, रांगेत उभे राहावे लागत नाही. मात्र एक अट आहे. नजर खाली, अगदी जमिनीलगत ठेवावी लागते. कारण जे पाहायचे ते मुठीएवढे आहे.

ती जागा म्हणजे अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातले सोनोरन वाळवंट, आणि पाहायचे ते तिथे रानात उगवणारे निवडुंगाचे एक छोटे रोप. माझी लेक आणि जावई टूसॉन या शहरात राहतात. मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघे तिच्याकडे गेलो होतो. आम्ही दोघे म्हणजे मी, वय एकोणसत्तर, आणि माझे यजमान, वय शहात्तर. चार वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय दुबळा झाला आणि बोलणे जवळजवळ गेले. समोरच्याचे सारे त्यांना समजते. पण ओठांवर शब्द येतात ते एखाद-दुसरे. घरात ते काठीच्या आधाराने चार पावले टाकतात, बाहेर चाकाची खुर्ची लागते. डॉक्टरांच्या संमतीने, औषधांची पिशवी आणि त्यांचे पत्र हातात बाळगून आम्ही हा प्रवास केला.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या आणि उंटांची रांग उभी राहते. सोनोरन वाळवंट तसे नाही. ते हिरवे आहे. दगडधोंड्यांच्या उतारांवर काटेरी झुडपे, हिरव्या खोडांची झाडे आणि त्यांमधून वर निघालेले, हात उंचावून उभे असल्यासारखे दिसणारे सवारो निवडुंग. या भूमीचे वैशिष्ट्य असे की इथे पाऊस वर्षातून दोनदा येतो. हिवाळ्यात हलका, रेंगाळणारा. आणि उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात, जुलैच्या सुमारास, विजांच्या कडकडाटासह कोसळणारा, थेट आपल्या वळवाची आठवण करून देणारा. त्याला तिथली माणसेही 'मान्सून'च म्हणतात. टूसॉनला वर्षभरात साधारण तीनशे मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला निम्मा या काळात पडतो.

हा आकडा लेकीने सांगितला तेव्हा यजमानांचे डोळे चमकले. त्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्यातली कित्येक वर्षे साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, पर्जन्यमापकातले पाणी मोजण्यात आणि ते वहीत टिपण्यात. पाऊस कितीही थोडा असला तरी तो मोजायचा असतो, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेले. शब्द हरवल्यानंतरही 'किती?' हा एक शब्द त्यांच्यापाशी शिल्लक राहिला आहे.

टूसॉनच्या पूर्वेला आणि पश्चिमेला, दोन तुकड्यांत, सवारो राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. १९३३ साली हे क्षेत्र संरक्षित झाले आणि १९९४ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पश्चिमेकडच्या भागात अर्ध्या मैलाची एक पायवाट आहे. ती पक्की, सपाट आणि चाकाच्या खुर्चीला सोयीची केलेली आहे. जागोजागी माहितीचे फलक आहेत, टेकायला बाके आहेत. जून संपत आला होता, दुपारी पारा चाळिशी ओलांडत होता. म्हणून आम्ही पहाटे निघालो आणि सूर्य डोंगराआडून वर येत असताना त्या वाटेवर पोहोचलो.

आम्ही सारे मान उंचावून सवारो पाहत होतो. तीन-चार मजली इमारतीएवढे ते निवडुंग पाहून कोणाचीही मान वर जातेच. खुर्ची ढकलत मी पुढे निघाले, तोच यजमानांनी डाव्या हाताने चाक धरले. खुर्ची थांबली. ते एका हिरव्या खोडाच्या झाडाच्या बुंध्याशी बोट दाखवत होते. मला तिथे वाळका पालापाचोळा आणि दगड यांखेरीज काही दिसेना. मी गुडघ्यांची तक्रार बाजूला सारून वाकले आणि मग ते दिसले. दगडांच्या फटीत बसलेला, राखाडी-पांढऱ्या काट्यांनी विणलेला एक लहानसा गोळा. उभ्याने चालणाऱ्या आम्हा तिघांच्या नजरेतून तो निसटला होता. खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर खाली असते, म्हणून तो त्यांना सापडला.

"पाणी?" यजमान म्हणाले. इतकेच. पण मला प्रश्न कळला. जिथे दगडही तापून निघतात, तिथे हा एवढासा जीव पाणी आणतो कुठून?

या निवडुंगाचे शास्त्रीय नाव मॅमिलारिया ग्रॅहॅमी. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेची पाहणी झाली, तीत सहभागी असलेले लष्करी अधिकारी जेम्स डंकन ग्रॅहॅम यांच्या नावावरून १८५६ साली जॉर्ज एंगलमन यांनी ते ठेवले. एंगलमन पेशाने डॉक्टर होते. सेंट लुइस शहरात रुग्ण तपासता तपासता त्यांनी निवडुंगांचा असा अभ्यास केला की आजही या विषयात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. बोलीभाषेत मात्र या रोपाला 'फिशहुक', म्हणजे माशाच्या गळासारखा निवडुंग, म्हणतात. कारण जवळून पाहिले की लगेच कळते. त्याच्या अंगावर सलग धारा नसतात, सुटे सुटे उंचवटे असतात. प्रत्येक उंचवट्याच्या टोकावर बारीक पांढऱ्या काट्यांची चांदणी असते आणि तिच्या मधोमध गडद तांबूस रंगाचा, टोकाशी गळासारखा वळलेला एक काटा. रोपाची उंची बहुधा वीतभरही नसते.

आपल्याकडे 'निवडुंग' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. कुंपणाला लावलेला, तोडताच पांढरा चीक येणारा त्रिधारी निवडुंग हा शास्त्रदृष्ट्या या कुळातला नाहीच. त्याचे कूळ एरंडाचे. (जाता जाता सांगते, तो चीक डोळ्यांना फार अपायकारक असतो. घरात नातवंडे असतील तर त्या कुंपणापासून त्यांना दूर ठेवावे.) चपट्या फड्यांचा, लाल बोंडांचा फड्या निवडुंग मात्र खराखुरा निवडुंग, पण तो आपल्या भूमीतला नव्हे, अमेरिकेतून आलेला. निवडुंगाच्या कुळाचे माहेर अमेरिका खंडच. म्हणून त्या पहाटे, त्या दगडांच्या फटीत, आम्ही निवडुंगाला प्रथमच त्याच्या स्वतःच्या घरी भेटत होतो.

आता यजमानांच्या प्रश्नाकडे वळू. बहुतेक वनस्पती दिवसा आपली सूक्ष्म रंध्रे उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात. रंध्रे उघडली की आतल्या ओलाव्याची वाफ बाहेर जाते. पाण्याची चैन असलेल्या ठिकाणी हे परवडते, वाळवंटात परवडत नाही. निवडुंग दिवसा रंध्रे मिटून बसतो. रात्री हवा थंड झाली की ती उघडतो, वायू घेतो आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतो; दुसऱ्या दिवशी रंध्रे बंद ठेवूनच सूर्यप्रकाशात त्याची साखर बनवतो. मुळे फार खोल जात नाहीत; ती जमिनीच्या वरच्या थरात पसरतात, म्हणजे थोडा शिडकावा झाला तरी पाणी हाती लागते. मिळालेले पाणी खोडात साठते. पाऊस लांबला की खोड आक्रसते, उंचवटे एकमेकांना चिकटतात आणि काटे दाट होऊन सावली धरतात. पाऊस आला की तेच खोड फुगते.

टूसॉनजवळ टूमामॉक नावाची टेकडी आहे. तिथे १९०३ साली, वाळवंटातल्या वनस्पती जगतात कशा हे शोधण्यासाठी एक प्रयोगशाळा स्थापन झाली. यजमानांसारखी मोजमाप करणारी माणसे तिथे शतकाहून अधिक काळ वनस्पतींची नोंद ठेवत आली आहेत, हे कळल्यावर ते प्रसन्न हसले.

पण वाचकहो, पाणी जपण्याच्या या साऱ्या युक्त्या मोठ्या झालेल्या रोपाच्या. नुकत्याच रुजलेल्या, वाटाण्याएवढ्या अंकुराजवळ साठा असा नसतोच. भर उन्हात तापलेल्या जमिनीवर तो करपतो, हिवाळ्यात एखाद्या रात्री दहिवर गोठले की मरतो, आणि यांतून वाचलाच तर उंदीर-सशांसारखे तहानलेले प्राणी तो कुरतडतात. उघड्या माळावर पडलेल्या बियांपैकी फारच थोड्यांचे रोप होते. ज्यांचे होते त्यांना बहुधा कोणाच्या तरी आडोशाला जागा मिळालेली असते. शास्त्रज्ञ या आडोशाला 'नर्स प्लांट' म्हणतात. आपण दाईचे झाड म्हणू या.

यजमानांनी दाखवलेला तो गोळा ज्या झाडाखाली होता, ते पालो वर्दे. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ हिरवी काठी. त्याची पाने इतकी बारीक असतात, आणि कोरड्या दिवसांत ती इतक्या सहज गळून जातात, की अन्न तयार करण्याचे काम हिरवे खोड आणि फांद्याही करतात. वाळवंटात दाईचे काम करणारे दुसरे झाड मेस्कीट. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो त्या शमीची ती जवळची नातलग. या झाडांखाली दुपारी जमीन कमी तापते, हिवाळ्यात रात्रीची ऊब थोडी टिकते आणि गळलेल्या पाल्याने मातीला कस येतो.

इथे एक गोष्ट मला विशेष वाटली. पालो वर्देची सावली दाट नसते. वडाखाली किंवा आंब्याखाली बसल्यासारखी गर्द छाया तिथे नाही. पानेच जिथे बारीक, तिथे ऊन गाळून खाली येते. निवडुंगाला तेच हवे असते. उन्हावरच त्याचे अन्न शिजते. गर्द अंधारात तो वाचेल, पण वाढणार नाही.

दाई नेहमी देखणी आणि मायाळू दिसेलच असेही नाही. चोया नावाचा एक काटेरी निवडुंग तिथे आहे. त्याची कांडी नुसता स्पर्श होताच कपड्यांना, कातड्याला चिकटतात. लेक म्हणून पर्समध्ये एक मोठ्या दातांचा कंगवा बाळगते, कांडे हाताने न धरता कंगव्याने उडवायचे. या चोयाखाली गळून पडलेल्या कांड्यांचा खच असतो. जोसेफ मॅकॉलिफ या शास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की आपला हा गळकाट्यांचा निवडुंग चोयाच्या आडोशाला तग धरतो, कारण त्या काट्यांच्या राशीत त्याला खाणारे प्राणी शिरू धजत नाहीत. दाराशी खडूस वाटणारी, भेटायला येणाऱ्यांना वेळेचे बंधन घालणारी काही काळजीवाहू माणसे मला आठवली. रुग्णाची झोप त्यांच्यामुळेच शाबूत राहते.

परतीच्या वाटेवर एका ठिकाणी मी थांबले. एक भक्कम, दोन पुरुष उंचीचा सवारो उभा होता आणि त्याला खेटून एका पालो वर्देचा वाळून गेलेला सांगाडा. साल निघालेली, फांद्या मोडलेल्या. माहिती केंद्र उघडल्यावर तिथल्या बाईंना मी लेकीच्या मदतीने विचारले, "ते झाड कशाने वाळले?"

त्यांनी सांगितले ते असे. सवारोचे रोपही बाळपणी दाईच्या आडोशाला वाढते. त्याची वाढ विलक्षण मंद. पहिल्या आठ वर्षांत तो एक ते दीड इंच होतो. पुढे दशकांमागून दशके जातात आणि तो दाईच्या डोक्यावरून वर निघतो. त्याची मुळे उथळ आणि दूरवर पसरलेली. पावसाचे पाणी खाली झिरपण्याआधीच ती बरेचसे उचलतात. ज्या पालो वर्देच्या शेजारी मोठा सवारो आहे, ती झाडे वाळण्याचे प्रमाण अधिक असते, असे निरीक्षणांत आढळले आहे. हे प्रत्येक वेळी घडते असे नाही, झाडे इतर कारणांनीही मरतात. "पण ज्या झाडाने सांभाळले त्याच्या वाट्याचे पाणी कमी होते, हे खरे," त्या म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. लेकही बोलली नाही. गाडीत बसताना तिने माझ्या हातातली यजमानांची पिशवी काढून घेतली आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. पहाटेपासून यजमानांना मी चार वेळा पाणी पाजले होते. स्वतः एक घोटही घेतलेला नव्हता. डोके जड झाले होते, ते मी उन्हावर ढकलले होते.

वाचकहो, आपल्यापैकी जे कोणी घरातल्या रुग्णाची सेवा करतात, त्यांना मी काय सांगते आहे ते कळेल. चार वर्षे मी एकही रात्र सलग झोपले नव्हते. अकराला, दोनला आणि पाचला उठून यजमानांची कूस बदलायची, भांडे द्यायचे, पांघरूण सारखे करायचे. मुलगा आणि सून गावीच आहेत, जवळच राहतात, त्यांनी कितीदा म्हटले, "आई, आठवड्यातून दोन रात्री आम्ही येतो." मी येऊ दिले नाही. त्यांना जमणार नाही, यजमानांना दुसऱ्याच्या हातचे चालणार नाही, अशी माझी खात्री होती. त्या खात्रीत थोडा अभिमानही होता, हे आता कबूल करते. टूसॉनला पोहोचल्यापासून लेकही रोज तेच विचारत होती आणि मी रोज तेच उत्तर देत होते.

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर मी तिला म्हणाले, "आजची रात्र तू बघशील?" तिने मान हलवली आणि आपली गादी बाबांच्या खोलीत नेली.

मी जागी झाले तेव्हा सात वाजून गेले होते. दचकून बाहेर आले. यजमान स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते, समोर चहा. अंगात धुतलेला सदरा. पण त्याच्या गुंड्या एका काजाने चुकलेल्या, एक बाजू वर, एक खाली. मी पुढे झाले, तशी लेक म्हणाली, "राहू दे आई. बाबांनी स्वतः लावल्यात. वीस मिनिटे लागली."

चार वर्षे त्यांच्या गुंड्या मी लावत होते. एका मिनिटात होणारे काम, त्यासाठी त्यांना कशाला कष्ट, असा माझा हिशेब. डाव्या हाताला ते जमू शकते का, हे मी कधी पाहिलेच नव्हते. माझी सावली वडासारखी गर्द होती. तिच्याखाली त्यांचे ऊन अडत होते आणि तिच्यापायी मीही वाळत चालले होते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी दक्षिणेकडून काळे ढग चढून आले. आधी धुळीचा लोट, मग वारा, मग थाडथाड थेंब. तासाभरात रस्त्यांतून लाल पाणी वाहू लागले. हवेत एक तीव्र, काहीसा औषधी गंध पसरला. तो आपल्या मातीच्या वासाहून वेगळा. तिथल्या क्रिओसोट नावाच्या झुडपांचा. वाळवंटातल्या माणसांना पावसाचा वास म्हणून तोच ओळखीचा. यजमान खिडकीशी बसून होते. "किती?" त्यांनी विचारले. जावयाने अंगणात एक सरळ कडांचा डबा ठेवला होता. तो त्याने आत आणला. पाणी बोटाच्या जेमतेम एका पेराएवढे. यजमानांनी डाव्या हाताने पट्टी धरून ते दोनदा मोजले.

या निवडुंगाच्या कळ्या आधीच तयार होऊन पावसाची वाट पाहत थांबलेल्या असतात. चांगला पाऊस झाला की साधारण पाच-सहा दिवसांत त्या उमलतात, आणि परिसरातली अनेक रोपे एकाच वेळी फुलतात. त्यामुळे मधमाश्यांना एका फुलावरून दुसऱ्या रोपाच्या फुलावर जाता येते आणि बीजधारणा होते. आम्ही सहाव्या दिवशी पुन्हा गेलो. आकाश ढगाळ होते, म्हणून या वेळी थोडे उशिरा, फुले उघडण्याच्या वेळेला.

तेच झाड, तेच दगड. पण तो राखाडी गोळा फुगून टवटवीत झाला होता आणि त्याच्या माथ्यावर फिक्या गुलाबी फुलांचे कडे होते, लहान मुलीच्या डोक्यावर माळ ठेवावी तसे. प्रत्येक फूल इंचभराचे, मध्ये पिवळे केसर आणि त्यातून वर आलेले हिरवट टोक. थोड्या अंतरावर आणखी एक, पलीकडे आणखी दोन. यजमानांना ती सारी माझ्या आधी दिसली. त्यांनी बोटांवर मोजली. पुढे या फुलांच्या जागी मिरचीसारखी लांबट लाल फळे येतात. स्पॅनिश बोलणारे लोक त्यांना 'चिलितो', म्हणजे चिमुकली मिरची, म्हणतात. पक्षी आणि छोटे प्राणी ती खातात आणि बिया नव्या आडोशांपर्यंत नेतात.

आम्ही काही तोडले नाही, काही उचलले नाही. राष्ट्रीय उद्यानातून रोप किंवा बी नेणे हा गुन्हा आहे, आणि ॲरिझोनात रानातला निवडुंग परवानगीवाचून खणणेही कायद्याने मना आहे. कायदा नसता तरी काय साधले असते? दाईचे झाड, गाळून आलेले ऊन आणि दोन पावसाळे आपल्या पिशवीत मावणारे नाहीत.

आपल्यापैकी कोणाला वयस्क किंवा आजारी माणसाला घेऊन अशा उष्ण प्रदेशात जायचे झाले, मग तो ॲरिझोना असो की मे महिन्यातला विदर्भ, तर अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगते. बाहेर पडायचे ते पहाटे, आणि ऊन चढण्याआधी परतायचे. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी घ्यावे. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास दिवसाला किती पाणी चालेल, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उन्हाळ्यात कशा घ्याव्यात, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. चाकाच्या खुर्चीचे धातूचे भाग उन्हात चटका देतात. हातांखाली जाड पंचा घालावा. खुर्चीत फार वेळ बसलेल्या माणसाचा भार दर अर्ध्या तासाला थोडा बदलावा, म्हणजे कातडीवर दाब पडून जखम होत नाही. चक्कर, डोकेदुखी, मळमळ जाणवली तर लगेच सावलीत जावे; बोलण्यात असंबद्धता आली किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. आणि पाण्याची बाटली दोन घ्यावी. दुसरी स्वतःसाठी.

साताऱ्याला परतल्यावर मी दोन गोष्टी केल्या. पहिली, स्वतःची तपासणी. रक्तदाब वाढलेला निघाला. गोळी सुरू झाली. किती दिवसांपासून तो वाढलेला होता, कोण जाणे. दुसरी, मुलाला आणि सुनेला आठवड्यातल्या दोन रात्री दिल्या आणि तीन दुपारी येणाऱ्या एक ताई ठरवल्या. पहिल्या आठवड्यात मी दाराआडून लक्ष ठेवत होते. आता त्या वेळात देवळापर्यंत चालून येते, कधी नुसतीच झोपते. यजमानांची प्रकृती यामुळे ढासळली नाही. उलट व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टनी सांगितले की डाव्या हाताची सफाई वाढली आहे आणि उजवा हात सदरा धरून ठेवण्यापुरता साथ देऊ लागला आहे.

पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाला असे जमेलच, असे मी म्हणणार नाही. कोणाला दाट सावली लागते, कोणाला विरळ, हे ज्याचे त्याने, डॉक्टरांच्या सल्ल्याने, पाहावे. पण ते पाहावे, एवढे मात्र आग्रहाने सांगते.

आमच्याकडे रोज सकाळी यजमान सदरा घालायला बसतात. तोवर मी अंगणात तुळशीजवळ माझा चहा घेते, गरम असताना. वीस मिनिटांचे काम आता बारा मिनिटांवर आले आहे. घड्याळ तेच लावतात. अजून एखादी गुंडी चुकीच्या काजात जाते. ती मी तशीच राहू देते.